विश्लेषण : रेरा क्रमांक आहे, बँकेने कर्जही दिले; मग घर बेकायदा कसे ठरते?

घर घेताना बहुतेक कुटुंबे दोन प्रश्न हमखास विचारतात. प्रकल्पाला रेरा क्रमांक आहे का? आणि कोणती बँक कर्ज देते? दोन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली की टोकनचा धनादेश लिहिला जातो. कल्याण-डोंबिवलीतील वादग्रस्त ६५ इमारतींमधील अनेक खरेदीदारांकडेही रेरा क्रमांक होता, नोंदणी झालेला करारनामा होता आणि कर्जाचा हप्ताही सुरू होता. तरीही उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. मग या शिक्क्यांचा नेमका अर्थ काय? खरेदीदार चुकतो कुठे आणि सगळा दोष त्याचाच का?

डोंबिवलीत नेमके काय घडले?

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत काही विकासकांनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार केल्या. शिक्के आणि सह्या खोट्या होत्या. हेच कागद जोडून महारेराकडे अर्ज करण्यात आले आणि प्रकल्पांना नोंदणी क्रमांक मिळाले. त्या क्रमांकांच्या जोरावर घरे विकली गेली. एका वास्तुविशारदाने माहिती मिळवून न्यायालयात धाव घेतल्यानंतर प्रकरण उघड झाले. २०२२ मध्ये त्याच्या तपासासाठी विशेष पथक नेमले गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडण्याचे आदेश दिले. त्यानंतर रहिवासी रस्त्यावर उतरले. सरकारने त्यांना दिलासा देण्याची भूमिका घेतली. पण ज्यांनी आयुष्याची पुंजी ओतली, त्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार एका आश्वासनाने दूर होत नाही.

हे एकच प्रकरण आहे का?

नाही. नालासोपारा पूर्वेतील ४१ इमारती अशाच पाडल्या गेल्या. त्या ज्या जमिनीवर उभ्या होत्या, तिच्यावर विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमीचे आरक्षण होते. न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ पासून पाडकाम सुरू झाले आणि २०२५ च्या सुरुवातीस ते पूर्ण झाले. त्याआधी वरळीतील कॅम्पा कोला वसाहत गाजली. १९८० च्या दशकात तेथे मंजूर मजल्यांपेक्षा कितीतरी अधिक मजले चढवले गेले. एका इमारतीने तर २० मजले गाठले. सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा मजले पाडण्याचा आदेश कायम ठेवला आणि जून २०१४ मध्ये महापालिकेने त्या मजल्यांची वीज, पाणी व गॅसजोडणी तोडली.

वरळीतील उच्चभ्रू असोत, डोंबिवलीतील चाकरमानी असोत वा नालासोपाऱ्यातील रोजंदारीवरचे कामगार, तिन्ही ठिकाणी घर घेणाऱ्यांनी खरे पैसे मोजले होते. गडबड इमारतीच्या परवानगीत होती. तो कागद त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिला नव्हता किंवा खरा मानला होता.

रेरा क्रमांक म्हणजे सरकारी हमी नव्हे का?

नव्हे. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. राज्यातील त्याची मुख्य अंमलबजावणी १ मे २०१७ पासून झाली. त्याने खरेदीदाराला खूप काही दिले, यात वाद नाही. विकासकाला ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा लांबला तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागू शकतो. रचनेतील दोष ताब्यानंतर पाच वर्षांत आढळला तर दुरुस्ती विकासकाच्या खर्चाने होते. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही बंधनकारक झाले.

मात्र नोंदणी होते ती विकासकाने सादर केलेल्या कागदांवर आणि त्याच्या प्रतिज्ञापत्रावर. कायद्यानुसार अर्जावर ३० दिवसांत निर्णय झाला नाही तर प्रकल्प नोंदला गेल्याचे मानले जाते. याचा अर्थ रेरा क्रमांक प्रकल्पाची माहिती जाहीर झाल्याचे सांगतो. त्यातील प्रत्येक कागद खरा आहे, याची ग्वाही तो देत नाही. डोंबिवलीचे प्रकरण याच फटीतून घडले.

आणखी एक फट लहान इमारतींची आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर रेरा नोंदणीची सक्तीच नाही. शहरांच्या कडेला गुंठ्या-दोन गुंठ्यांवर उभ्या राहणाऱ्या अनेक इमारती या सवलतीत बसतात. तेथे ‘रेराची गरज नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य खरे असू शकते, पण त्यातून बांधकाम परवानगीची गरज संपत नाही.

बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद तपासले असणारच ना?

तपासलेले असतात, पण बँकेच्या गरजेपुरते. कर्ज बुडाले तर वसुली कशी होईल, हा बँकेचा प्रश्न असतो. घराखेरीज कर्जदाराचा पगार, सहकर्जदार, जामीनदार या तिच्या सुरक्षिततेच्या इतर वाटा असतात. खरेदीदाराकडे मात्र फक्त घर असते. ‘आमचा प्रकल्प सहा बँकांच्या एपीएफ यादीत आहे’ असे विक्री कार्यालयात अभिमानाने सांगितले जाते. एपीएफ म्हणजे बँकेने त्या प्रकल्पाची फाइल एकदा पाहून कर्जासाठी मंजूर केली आहे, एवढेच. नंतर आराखडा बदलला, वरचे मजले वाढवले किंवा वाद न्यायालयात गेला, तर त्या जुन्या मंजुरीला फारसा अर्थ उरत नाही.

कर्जाचा करार आणि घराचा करार हे दोन वेगळे करार आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे. इमारत रखडली किंवा पाडली गेली तरी हप्ता आपोआप थांबत नाही. बेघर झालेल्या कुटुंबाला भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागतात, ते यामुळेच.

दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला, तरीही?

दुय्यम निबंधक कार्यालयात प्रामुख्याने मुद्रांक शुल्क भरले आहे का, पक्षकार तेच आहेत का, सह्या आणि ओळख जुळते का, हे पाहिले जाते. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार निर्विवाद आहे, याचा निवाडा तेथे होत नाही. आपल्याकडे नोंदणी दस्ताची होते, मालकी हक्काची हमी सरकार देत नाही. म्हणून इंडेक्स टू हाती आला की घर निर्धोक झाले, हा समज चुकीचा आहे.

मालमत्ता कराच्या पावतीचेही तसेच. महापालिका बेकायदा बांधकामांनाही कर आकारते, अनेकदा शास्तीसह. कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. वीज मीटर, आधारवरचा पत्ता, मतदार यादीतील नाव हे वास्तव्याचे पुरावे आहेत. इमारत कायदेशीर असल्याचा पुरावा यातला एकही नाही.

प्रत्येक कार्यालय स्वतःपुरते पाहते. हे सगळे तुकडे जोडून पूर्ण चित्र कोणीच पाहत नाही आणि खरेदीदार समजतो की ते कोणीतरी पाहिले आहे. घर घेतानाची सर्वांत महाग चूक हीच आहे.

मग नेमके कोणते कागद पाहायचे?

कागदांचा गठ्ठा मोठा दिसतो, पण प्रश्न तीनच आहेत. जमीन कोणाची, तिच्यावर काय बांधायला परवानगी आहे आणि प्रत्यक्षात तेवढेच बांधले आहे का?

पहिल्या प्रश्नासाठी सातबारा किंवा शहरात मिळकत पत्रिका पाहावी. विकासक स्वतः मालक नसेल तर मूळ मालकाशी झालेला विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र पाहावे. सातबाऱ्यावर मालकाचे नाव वरच्या बाजूला असते, पण अडचण बहुधा ‘इतर अधिकार’ या रकान्यात दडलेली असते. कुळाचा हक्क, बँकेचा बोजा, न्यायालयीन वादाची नोंद तेथे सापडते. किमान ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घेण्याची पद्धत आहे आणि ती पाळावी. विकासक स्वतःच्या वकिलाचा अहवाल देतो. तो वाचावा, पण त्यावर विसंबू नये. कारण त्या वकिलाचा पक्षकार विकासक असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रात, म्हणजे सीसीमध्ये आणि मंजूर नकाशात असते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मुंबईत सीसी बहुधा टप्प्याटप्प्याने मिळते. आधी जोत्यापर्यंत, मग पुढच्या मजल्यांपर्यंत. विक्री प्रतिनिधी ‘सीसी आलेली आहे’ म्हणतो तेव्हा ती कितव्या मजल्यापर्यंत आहे, हा पुढचा प्रश्न विचारायला हवा. सतराव्या मजल्यावरचे घर दहाव्या मजल्यापर्यंतच्या सीसीवर विकत घेणे म्हणजे अजून न मिळालेल्या परवानगीवर पैसे लावणे. यासोबत महापालिका किंवा नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि विकास आराखड्यातील आरक्षणाची माहिती घ्यावी. नालासोपाऱ्यातील जमिनीवरचे आरक्षण आराखड्यात नोंदलेले होतेच.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. इमारत मंजुरीप्रमाणे बांधली आहे आणि राहण्यास योग्य आहे, हे ती सांगते. ‘ओसी महिनाभरात येईल, तोवर फर्निचरचे काम सुरू करा’ या वाक्यावर हजारो कुटुंबे राहायला गेली आणि वर्षानुवर्षे ओसीविना राहिली. एकदा ताबा दिला आणि पूर्ण पैसे मिळाले की ओसीसाठी धावपळ करण्याचे विकासकाला कारण उरत नाही.

कागद खरा आहे, हे कसे कळणार?

डोंबिवलीचा खरा धडा येथे आहे. कागद विकासकाकडून घ्यायचा आणि पडताळणी मात्र तो देणाऱ्या कार्यालयात करायची. परवानगीवर जावक क्रमांक आणि तारीख असते. तो क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्यास तेथे जुळवून पाहावा. तोंडी दाद लागत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करता येतो. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. डोंबिवलीतील बनाव उघड झाला तोही मूळ कार्यालयाच्या नोंदी तपासल्यामुळेच.

सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून स्वतः डिजिटल स्वाक्षरीसह काढावा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्चची सोय आहे. त्या मिळकतीवर याआधी कोणते दस्त नोंदले गेले, हे तेथे पाहता येते. एकच सदनिका दोघांना विकल्याची प्रकरणे या शोधात सापडू शकतात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख, तिला मिळालेली मुदतवाढ, जमिनीवरील बोजा आणि प्रलंबित दावे दिसतात. बहुतेक जण नोंदणी क्रमांक तपासून थांबतात आणि हा सगळा तपशील न उघडताच बाहेर पडतात.

तीस दिवस थांबलो तर घर जाईल, ही भीती खरेदीदाराला घातली जाते. ‘आज बुकिंग केले तरच हा भाव’ ही मुदत विक्री कार्यालय ठरवते. खरेदीदार २० वर्षांचे कर्ज घेणार आहे. त्याला एक महिना थांबणे परवडते.

टोकन कधी द्यावे आणि किती?

रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय विकासक घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेऊ शकत नाही. प्रत्यक्षात ‘करार पुढच्या महिन्यात करू, आधी २० टक्के भरा’ असे सांगितले जाते आणि घाईत ते मान्यही होते. करारानंतरचे हप्तेही विकासकाच्या मर्जीवर नाहीत. महाराष्ट्राच्या नियमांतील आदर्श करारनाम्यात टप्पे दिलेले आहेत. करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सर्व स्लॅब झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत आणि शेवटची रक्कम ओसीसह ताबा देताना. हातातला करारनामा या तक्त्याशी ताडून पाहायला अर्धा तास लागतो.

टोकन रोखीत देणे ही वेगळी चूक. त्याचा पुरावा राहत नाही आणि वाद झाला तर ती रक्कम दिली गेलीच नव्हती, असे विक्रेता सहज म्हणू शकतो. रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी आणि पावतीवर सदनिका क्रमांक, चटई क्षेत्र, एकूण किंमत आणि व्यवहार रद्द झाल्यास परतीची अट लिहून घ्यावी.

चौरस फुटांचा हिशेब कसा करायचा?

रेरानंतर घराचे क्षेत्रफळ चटई क्षेत्रातच सांगावे लागते. कायद्याच्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. तरीही बोलण्यात ‘सेलेबल’ आणि ‘सुपर बिल्टअप’ हे शब्द अजून फिरतातच.

समजा, ९०० चौरस फूट ‘सेलेबल’ क्षेत्राचा फ्लॅट ९,००० रुपये दराने ८१ लाखांना सांगितला. त्याचे चटई क्षेत्र ६०० चौरस फूट असेल तर खरा दर १३,५०० रुपये होतो. शेजारच्या प्रकल्पात चटई क्षेत्रावर १२,५०० रुपये दर सांगितला जात असेल तर तो ऐकायला महाग आणि प्रत्यक्षात स्वस्त आहे. दोन घरांची तुलना करताना एकूण किंमत भागिले चटई क्षेत्र, हा एकच भागाकार पुरेसा आहे.

पार्किंगचेही करारातच लिहून घ्यावे. इमारतीखालील मोकळी किंवा स्टिल्ट पार्किंगची जागा विकासकाला वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. बंदिस्त गॅरेज विकत घेतले असेल तर त्याचे स्थान आणि मोजमाप करारनाम्यात हवे. नाहीतर पहिल्याच वर्षी सोसायटीत भांडण ठरलेले.

बजेट चुकते कुठे?

पुणे महापालिका हद्दीतील बांधकाम सुरू असलेला ६० लाखांचा फ्लॅट उदाहरणादाखल घेऊ. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी शुल्क कमाल मर्यादेप्रमाणे ३० हजार. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत हे घर बसत नाही, कारण ती मर्यादा ४५ लाखांची आहे. म्हणून जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. एकूण साडेसात लाख रुपये किमतीबाहेर जातात.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी बँक किमतीच्या कमाल ८० टक्के रक्कम देऊ शकते आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणी शुल्क धरले जात नाही. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ४८ लाख. घरातून १२ लाख आणि वरचे साडेसात लाख मिळून साडेएकोणीस लाख रुपये हाताशी हवेत. ‘२० टक्के आपले, बाकी बँकेचे’ असा हिशेब करणारे कुटुंब येथेच साडेसात लाखांनी मागे पडते. मग सोने गहाण पडते किंवा महागडे वैयक्तिक कर्ज काढले जाते.

यात काही सवलती आहेत. घर महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. या उदाहरणात ६० हजार वाचतात. ओसी मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर आणि जुन्या घरावर जीएसटी लागत नाही. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर एक टक्का टीडीएस कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे. ही रक्कम वरची नसून विक्रेत्याला द्यायच्या पैशांतूनच वळती होते. मात्र ती कापायला विसरल्यास व्याज आणि दंड खरेदीदाराला भरावा लागतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळे आणि कपात बरीच जास्त असते. तेथे सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावाच.

हप्ता लहान केला तर फायदा होतो का?

वरच्याच ४८ लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के व्याज धरले तर २० वर्षांसाठी हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ५२ लाख होते. मुदत ३० वर्षे केली तर हप्ता सुमारे ३६,९०० रुपयांवर येतो, पण व्याज सुमारे ८५ लाखांवर जाते. दरमहा पावणेपाच हजारांच्या दिलाशासाठी ३३ लाख रुपये अधिक. पगार कमी असेल तर लांब मुदत घेणे चूक नाही. बोनस किंवा पगारवाढ मिळाल्यावर मुद्दल फेडायला विसरणे ही चूक आहे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारता येत नाही.

जुने घर घेणे अधिक सुरक्षित असते का?

काही बाबतींत होय. घर डोळ्यांसमोर असते, जीएसटी नसतो, ताब्याची वाट पाहावी लागत नाही. पण कागदांची साखळी येथे अधिक लांब असते. पहिल्या खरेदीपासून आतापर्यंतचे सर्व मूळ करारनामे सलग असावेत. भागपत्र, सोसायटीची थकबाकी नसल्याचे पत्र, ओसी आणि सोसायटीच्या नावे जमिनीचे हस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स झाले आहे का, हे पाहावे. कन्व्हेयन्स नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी जमिनीवर मूळ मालकाचाच हक्क आडवा येतो. अशा सोसायट्यांना मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण त्याला वेळ लागतो.

मूळ मालक हयात नसेल तर एक सावधगिरी हवी. सोसायटीच्या नोंदीतील नामनिर्देशित व्यक्ती, म्हणजे नॉमिनी, ही घराची मालक असतेच असे नाही. मालकी वारसांची असते. केवळ नॉमिनीकडून घर घेतले आणि नंतर दुसऱ्या शहरातील बहीण किंवा भाऊ हक्क मागायला आला, तर वाद खरेदीदाराच्या दारात येतो. सर्व वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेतल्याशिवाय टोकनही देऊ नये.

सगळी जबाबदारी खरेदीदाराचीच का?

हा प्रश्न रास्त आहे. नालासोपाऱ्यात किंवा टिटवाळ्यात घर शोधणारे कुटुंब मुंबईतील भाडे परवडत नाही म्हणून तेथे पोहोचलेले असते. त्याने रजा टाकून नगररचना विभागाच्या खेपा माराव्यात, वकील लावावा, सातबाऱ्याचे रकाने वाचावेत, ही अपेक्षा सोपी नाही. ज्या सरकारने त्याच व्यवहारातून मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि जीएसटी घेतला, त्याने नंतर ‘तुम्ही तपासायला हवे होते’ म्हणणे तर अन्यायाचेच आहे.

१७ डिसेंबर २०२४ रोजी मीरतमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने निर्देश दिले. ओसीशिवाय ताबा देऊ नये, वीज-पाण्याच्या कायम जोडण्या ओसी पाहूनच द्याव्यात, बँकांनी इमारत तारण घेताना पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्राची खात्री करावी आणि बेकायदा बांधकामाकडे डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असे न्यायालयाने सांगितले. हे निर्देश कागदावर राहिले तर पुढचे डोंबिवली दूर नाही.

तीन गोष्टी तातडीने करता येण्यासारख्या आहेत. प्रत्येक महापालिका आणि नगरपालिकेने दिलेली प्रत्येक सीसी आणि ओसी, मंजूर नकाशासह, कोणालाही मोबाइलवर पाहता येईल अशी खुली करावी. महारेराने विकासकाने दिलेली प्रत न स्वीकारता परवानगी थेट महापालिकेच्या नोंदीतून घ्यावी आणि करारनामा नोंदवताना तोच क्रमांक दस्तात आपोआप यावा. तिसरी गोष्ट बँकांची. घराच्या कायदेशीर तपासणीचे शुल्क बहुधा कर्जदाराकडूनच घेतले जाते, पण तो अहवाल त्याला दाखवला जात नाही. ज्याने पैसे भरले त्याला तो मिळालाच पाहिजे.

हे होईपर्यंत खरेदीदाराला स्वतःचा वकील लावणे भाग आहे. मॉड्युलर किचनसाठी दोन-अडीच लाख सहज बाजूला काढणारी कुटुंबे वकिलाच्या काही हजारांवर घासाघीस करतात. साठ लाखांच्या व्यवहारात तो खर्च सर्वांत शेवटी कापायला हवा.

फसगत झालीच तर?

महारेराकडे तक्रार करता येते. तिचे शुल्क ५,००० रुपये आहे. आधी सलोखा मंचाचा पर्यायही उपलब्ध आहे. ताबा रखडल्यास व्याज किंवा परताव्याचा आदेश होऊ शकतो आणि विकासकाने तो पाळला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुलीची कारवाई होते. यासाठी जाहिरात, ईमेल, व्हॉट्सअॅपवरील संभाषण, पावत्या जपून ठेवाव्यात. जाहिरातीत खोटे आश्वासन देणाऱ्या विकासकाकडून भरपाई मागण्याचा अधिकारही कायद्यात आहे. मात्र मुळात परवानगीच नसलेली इमारत महारेरा कायदेशीर करू शकत नाही. म्हणून पैसे देण्याआधीची तपासणी सर्वांत मोलाची.

टोकन देण्यापूर्वीचे सात प्रश्न

१. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि विकासकाला विकण्याचा अधिकार कोणत्या नोंदणीकृत दस्ताने मिळाला?
२. भूखंडावर आरक्षण, बोजा किंवा न्यायालयीन दावा आहे का?
३. सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे आणि तिचा जावक क्रमांक महापालिकेत जुळतो का?
४. तयार इमारत असेल तर ओसी आहे का, की ‘येणार आहे’?
५. चटई क्षेत्र किती आणि त्यावर खरा दर किती पडतो?
६. शुल्क आणि कर धरून हाताशी किती रोकड लागेल?
७. हे सगळे विकासकाशी संबंध नसलेल्या वकिलाने पाहिले आहे का?

सातपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळाले नाही तर धनादेश लिहू नये. विक्री कार्यालयातील माणूस घाई करेल. त्याला महिन्याचे उद्दिष्ट गाठायचे असते आणि खरेदीदाराला पुढची २० वर्षे हप्ता भरायचा असतो.